ओठांची साधना : लिऑन गूसेन्स

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी एक छोटासा विधी होत असतो. साठ-सत्तर वादक आपापल्या जागी स्थानापन्न झालेले असतात, सभागृहातील कुजबुज हळूहळू थांबते आणि वृंदाच्या मध्यभागातून एक बारीक, स्थिर, किंचित अनुनासिक स्वर उमटतो. त्या एका स्वराला जुळवून व्हायोलिनवादक आपल्या तारा पिळतात, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजविणारे आपापला सूर पडताळून पाहतात. आपल्याकडे मैफलीपूर्वी तंबोरे लावले जातात, तसाच हा प्रकार. सर्वांना स्वर देण्याचा हा मान परंपरेने ओबो या वाद्याकडे चालत आलेला आहे.

मान मोठा खरा, पण विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ओबोची मिरास बहुतांशी तेवढ्यापुरतीच उरली होती. वृंदात चार ओळी वाजवाव्यात आणि पुन्हा गप्प बसावे, अशी त्याची गत. व्हायोलिन किंवा पियानोसारखे ओबोचे एकट्याचे वादन ऐकायला लोक तिकीट काढून येतील, ही कल्पनाच कोणाला सुचत नव्हती. ती स्थिती ज्याने पालटली, त्या लिऑन गूसेन्स या वादकाची ही जीवनकथा आहे. त्यांच्या हातून जे घडले ते मुख्यतः ओठांच्या बळावर घडले, आणि आयुष्याच्या उतारावर नियतीने घाला घातला तोही नेमका त्या ओठांवरच. म्हणून त्यांच्या चरित्राकडे वळण्यापूर्वी या वाद्याची आणि ते वाजविताना ओठांना काय करावे लागते याची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

ओबो म्हणजे आपल्या सनईचा दूरचा भाऊबंद. पश्चिम आशियातील सुरनाईच्या कुळातली वाद्ये मध्ययुगात युरोपात पोहोचली. तेथे शॉम नावाचे एक दणदणीत वाद्य रूढ झाले. मिरवणुकीत, उघड्या मैदानावर वाजवावे असा त्याचा आवाज. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या दरबारातील वादक-कारागिरांनी त्याला दिवाणखान्यात शोभेल असे मवाळ रूप दिले आणि त्यातून ओबो जन्मास आला. सनईप्रमाणेच त्याची नळी वर निमुळती आणि खाली रुंद होत जाते. सनईप्रमाणेच तोंडात धरायची पत्ती दुहेरी असते. मात्र सनईच्या अंगावर केवळ छिद्रे असतात, तर सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीच्या ओबोवर धातूच्या चाव्यांचे गुंतागुंतीचे जाळे पसरलेले असते.

या वाद्याचा जीव त्याच्या पत्तीत असतो. आपल्या बोरूच्या जातकुळीतली एक वनस्पती दक्षिण फ्रान्समध्ये उत्तम होते. तिच्या कांडीच्या दोन पातळ चिपा एकावर एक ठेवून एका लहानशा धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळून बांधतात आणि धारदार चाकूने टोकाकडे तासत आणतात. टोकाशी पत्तीची रुंदी जेमतेम ७ मिलिमीटर, आणि दोन चिपांमधली फट इतकी अरुंद की तिच्यातून फुंक आत जाते यावर विश्वास बसू नये. फुंकेने या चिपा थरथरतात आणि त्या थरथरण्यातून स्वर निर्माण होतो.

ही पत्ती ओठांत कशी धरावी यासाठी फ्रेंच भाषेत आंबुशूर असा शब्द आहे. आपण त्याला ओठांची ठेवण म्हणू. ओबोवादक आपले दोन्ही ओठ किंचित आत वळवून दातांवर घेतो. त्यामुळे दात आणि पत्ती यांच्यामध्ये वरून आणि खालून एकेक मऊ गादी तयार होते. पत्तीचे टोक या दोन गाद्यांच्या मधून जरासेच आत डोकावते. तोंडाभोवतीचा स्नायू वर्तुळाकार असतो. बटव्याची नाडी ओढली की तोंड जसे सर्व बाजूंनी सारखे मिटते, तसा या स्नायूने पत्तीला चहूबाजूंनी आधार द्यायचा. हनुवटी सपाट, ओठांचे कोपरे आत आणि जबडा मोकळा. शिकाऊ विद्यार्थी येथे हमखास चुकतो. स्वर निसटू लागला की तो घाबरून जबडा आवळतो, दात पत्तीवर चावले जातात, स्वर चढतो, बारीक होतो आणि कोंडल्यासारखा येतो. उलट ओठ सैल पडले तर स्वर उतरतो आणि फाटतो. तार सप्तकाकडे जाताना पत्ती केसभर आत घ्यावी, आधार थोडा वाढवावा. खर्जाकडे येताना ओठांनी थोडे मोकळे व्हावे. हे सारे फेरफार केसाच्या जाडीचे आणि निमिषार्धात करण्याचे असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. ओठांच्या आतल्या त्वचेला जे जाणवते आणि कानाला जे ऐकू येते, त्यांच्या मेळावरच सर्व भिस्त.

त्यात आणखी एक गंमत आहे. इतर फुंकवाद्यांत वादकाला श्वास पुरत नाही, ओबोवाल्याला तो उरतो! फट इतकी अरुंद की छातीतली हवा संपतच नाही. ती आतल्या आत शिळी होते आणि जीव गुदमरू लागतो. म्हणून ओबोवादकाला वाजविताना क्षणभर उसंत काढून आधी जुनी हवा सोडावी लागते आणि मगच नवी घ्यावी लागते. तोवर ओठांनी पत्तीवरचा ताबा सोडायचा नाही. काही मिनिटांच्या सलग वादनानंतर ओठांचे स्नायू भरून येतात. जगातील अत्यंत कष्टसाध्य वाद्यांत ओबोची गणना होते, ती यासाठीच.

आता गूसेन्स यांच्याकडे वळू. लिऑन गूसेन्स यांचा जन्म १२ जून १८९७ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी झाला. घराणे मूळचे बेल्जियमचे. आजोबा युजीन गूसेन्स ब्रूज गावचे. ते इंग्लंडमध्ये येऊन कार्ल रोझा या फिरत्या ऑपेरा मंडळीचे वृंदनिर्देशक झाले. वडिलांचेही नाव युजीन, आणि तेही त्याच मंडळीचे निर्देशक. आई गायिका, तिचे वडीलही ऑपेरात गाणारे. आपल्याकडे गाण्याबजावण्याची जशी घराणी असतात, तसेच हे घराणे होते. पाच भावंडांपैकी प्रत्येकाच्या हाती एकेक वाद्य आले. थोरला युजीन व्हायोलिन शिकला आणि पुढे जगप्रसिद्ध वृंदनिर्देशक व संगीतरचनाकार झाला. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे ऑपेरा हाउस आज सर्वांना चित्रावरून ठाऊक आहे. तसे सभागृह त्या शहरात व्हावे म्हणून ज्यांनी प्रथम आग्रह धरला, ते हेच युजीन. मारी आणि सिडोनी या बहिणी हार्पवादक झाल्या. अ‍ॅडॉल्फ हॉर्न वाजवीत असे. लिऑनच्या वाट्याला ओबो आला.

लहानग्या लिऑनचे पहिले गुरू चार्ल्स रेनल्ड्स. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदातील ते नावाजलेले ओबोवादक. पुढे १९११ साली तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये विल्यम माल्श यांच्याकडे शिकू लागला. पण ज्या वादकाने त्याच्या कानाला खरी दिशा दिली, तो होता आंरी द बुशेर. हा बेल्जियन वादक लंडनच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात प्रमुख ओबोवादक होता. त्या काळी इंग्लंडमध्ये जो ओबो ऐकू येई, तो पुष्कळदा जाड पत्तीचा, कडक आणि सपाट असे. द बुशेर यांचा स्वर मात्र गाणारा होता. तो स्वर लिऑनच्या मनात ठसला. द बुशेर अमेरिकेला गेल्यानंतर त्यांची जागा रिकामी झाली आणि सर हेन्री वुड यांनी त्या जागेवर वयाची अवघी १७ वर्षे झालेल्या लिऑनला बसविले. गुरुस्थानी मानलेल्या वादकाच्या खुर्चीवर बसायचे, आणि तेही ज्या वयात आपली मुले महाविद्यालयाची पायरी चढत असतात त्या वयात!

हे स्थैर्य फार काळ टिकणार नव्हते. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्या पिढीतील इतर तरुणांप्रमाणे लिऑनही सैन्यात दाखल झाला. १९१६ मध्ये सॉमच्या रणांगणावर अ‍ॅडॉल्फ मारला गेला. भावंडांमध्ये तो फार गुणी समजला जाई. लिऑन स्वतः १९१८ मध्ये फ्रान्समध्ये जखमी झाला. त्याच्या खिशात एक चांदीची सिगारेटची डबी होती. एथेल स्मिथ या संगीतरचनाकार बाईंनी ती युजीनला भेट दिली होती आणि युजीनने ती भावाला दिली होती. गोळी त्या डबीवर आदळून हृदयापासून दूर वळली आणि जीव वाचला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. एका भावाला मातीआड करून युद्धाने दुसऱ्याला परत पाठविले, आणि तो पुन्हा क्वीन्स हॉलमधील आपल्या खुर्चीवर येऊन बसला.

यानंतरची वीस वर्षे हा गूसेन्स यांच्या कर्तृत्वाचा बहराचा काळ होय. १९२४ पासून ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक आणि रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक या दोन्ही संस्थांत शिकवू लागले. १९३२ साली सर टॉमस बीचम यांनी लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद स्थापन केला तेव्हा त्याच्या प्रमुख ओबोवादकाचे स्थान गूसेन्स यांच्याकडे आले आणि १९३९ पर्यंत ते त्यांनी भूषविले.

त्यांच्या वादनात असे कोणते वेगळेपण होते? त्यांनी फ्रेंच वळणाची हलकी पत्ती घेतली, तिला ओठांची मऊ पण सजग गादी दिली, आणि पोटाच्या स्नायूंनी श्वासाला आधार देऊन स्वरात एक मंद आंदोलन आणले. आपल्या कानांना स्वराचे आंदोलन नवीन नाही, पण त्या काळच्या इंग्रजी ओबोवाल्यांना ते आगाऊपणाचे वाटे. सरळ काठीसारखा स्वर हीच शिस्त, असे मानणाऱ्या सहकाऱ्यांनी प्रारंभी या तरुणाची टिंगल केली. गूसेन्स यांनी वादविवाद केला नाही, ते वाजवीत राहिले. मानवी कंठाने एखादे पद आळवावे तसा त्यांचा ओबो वाजे. वाक्य कोठे उचलायचे, कोठे टेकवायचे, श्वास कोठे लपवायचा याचे त्यांचे भान गायकाचे होते. आईकडून आणि आजोळाकडून आलेला गळा त्यांच्या ओठांत उतरला होता, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

पत्ती आणि ओठ ही जोडी असते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदातील मार्सेल टाब्यूटो (१८८७–१९६६) या समकालीन फ्रेंच वादकाने पत्ती लांबवर तासण्याची निराळी पद्धत रूढ केली. तशा पत्तीत स्वर घडविण्याचे बरेचसे काम तासण्यातच उरकलेले असते. गूसेन्स यांच्या आखूड तासलेल्या पत्तीत ते काम ओठांवर अधिक पडे. म्हणजे त्यांचा जो सुप्रसिद्ध स्वर, तो दुकानातून विकत आणता येण्याजोगा नव्हता. पत्ती लिव्हरपूलचा ब्रिअर्ली नावाचा कारागीर करून देई, वाद्य पॅरिसच्या लोरे यांच्या कारखान्याचे होते आणि तो एकच ओबो त्यांनी जन्मभर वापरला. पण तीच पत्ती आणि तोच ओबो दुसऱ्याने घेतला असता तर स्वर दुसराच आला असता.

ग्रामोफोनच्या तबकड्यांनी आणि नभोवाणीने हा स्वर घरोघर नेला. परिणाम असा झाला की, ज्या वाद्यासाठी शंभर-दीडशे वर्षांत एकल वादनाचे फारसे मोठे साहित्य निर्माण झाले नव्हते, त्याच्यासाठी इंग्लंडचे एकाहून एक थोर रचनाकार लिहू लागले, आणि लिहिताना त्यांच्या कानात गूसेन्स यांचा स्वर होता. आर्नल्ड बॅक्स यांनी १९२२ मध्ये ओबो आणि चार तंतुवाद्ये यांच्यासाठी पंचक रचले, आर्थर ब्लिस यांनी १९२७ मध्ये. त्याच वर्षी बंधू युजीन यांनी आपल्या धाकट्या भावासाठी कन्चेर्टो लिहिला. कन्चेर्टो म्हणजे एक वादक पुढे आणि वाद्यवृंद त्याच्या साथीला, अशी रचना. १९३२ मध्ये बेंजामिन ब्रिटन या अवघ्या १८-१९ वर्षांच्या विद्यार्थ्याने ओबो आणि तीन तंतुवाद्ये यांच्यासाठी फँटसी चौकडी लिहिली. ती गूसेन्स यांनी नभोवाणीवर आणि पुढे फ्लॉरेन्सच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात वाजविली, आणि तिने त्या तरुणाचे नाव इंग्लंडबाहेर नेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राल्फ व्हॉन विल्यम्स या वृद्ध रचनाकाराने त्यांच्यासाठी कन्चेर्टो लिहिला. त्याचा पहिला प्रयोग लंडनला व्हायचा होता, पण १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीचे उडते बॉम्ब शहरावर कोसळू लागले आणि कार्यक्रम रद्द झाला. अखेर ३० सप्टेंबर १९४४ रोजी तो कन्चेर्टो प्रथम वाजला तो लिव्हरपूलमध्ये, म्हणजे गूसेन्स यांच्या जन्मगावीच.

योगायोग असा की, साधारण याच दशकांत आपल्याकडे बिस्मिल्ला खाँ (मृत्यू २००६) यांनी सनईला देवळाच्या नगारखान्यातून आणि लग्नाच्या मांडवातून मैफलीच्या व्यासपीठावर आणून बसविले. १९३७ च्या कलकत्ता संगीत परिषदेतील त्यांच्या वादनाचा या संदर्भात नेहमी उल्लेख होतो. एकाच कुळातील दोन वाद्ये, दोन दूरचे देश, आणि दोघांनाही एकेक असा वादक लाभला की ज्याच्यामुळे लोकांनी त्या वाद्याकडे नव्या कानाने ऐकले.

एडवर्ड एल्गार या ज्येष्ठ रचनाकारानेही १९३० च्या सुमारास गूसेन्स यांच्यासाठी ओबोची एक मालिका लिहावयास घेतली होती. तिच्यातील स्वगत नावाचा एकच संथ भाग कच्च्या स्वरूपात तयार झाला. १९३४ मध्ये एल्गार निवर्तले आणि ते कागद तसेच राहिले. या अर्धवट राहिलेल्या स्वगताची आठवण वाचकांनी ठेवावी, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९५० मध्ये ब्रिटिश सरकारने गूसेन्स यांना सीबीई हा बहुमान दिला. इव्हलिन रॉथवेल, जॉय बाउटन यांसारख्या त्यांच्या शिष्या स्वतः नामांकित झाल्या होत्या. पासष्टी जवळ आली होती. या वयात एखादा कलावंत निवृत्त झाला असता तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. मागे वळून समाधानाने पाहावे, इतके त्यांच्या पदरात पडलेले होते.

आणि १९६२ साली तो अपघात झाला. मोटार अपघातात गूसेन्स यांच्या तोंडाला जबर इजा झाली. दात गेले आणि ओठ फाटले.

दुसऱ्या कोणाला अशी जखम झाली असती तर ती चेहऱ्याची जखम ठरली असती. हात, पाय, डोळे, फुप्फुसे शाबूत आहेत, जीव वाचला आहे, यात लोकांनी समाधान मानले असते. पण ओबोवादकाच्या दृष्टीने हा घाव मर्मावरच होता. मघाशी सांगितलेली ओठांची ठेवण आता आठवून पाहावी. दात म्हणजे ओठांच्या गादीमागची भिंत. ती भिंत बदलली की गादीची जागा, जाडी, उतार सारे बदलते. ओठाचा स्नायू जेथे फाटून शिवला जातो, तेथे व्रणाची गाठ राहते. ती गाठ आकसत नाही, सैल होत नाही. बटव्याची नाडी एका ठिकाणी गाठीत अडकावी आणि तोंड वाकडेच मिटावे, तसे होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्वचेची जाणीव मंदावते. ज्या ओठांनी केसभर फरक ओळखायचा, त्यांना पत्ती नीट कळेनाशी होते. सतारियाची सतार फुटली तर दुसरी आणता येते. लोरेचा तो जुना ओबो अजून होताच. पण ओबोचा अर्धा भाग वादकाच्या चेहऱ्यावर असतो, आणि तो दुसरा मिळत नाही.

गूसेन्स यांच्या ओठांवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. जाहीर वादन बंद झाले. पन्नास वर्षे ज्या हालचाली न विचार करता होत होत्या, त्या आता करून पाहिल्या तर होत नव्हत्या. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. कोणतेही कौशल्य पक्के झाले की ते विस्मरणात जाते. सायकल चालविणाऱ्याला तोल कसा सांभाळतो ते सांगता येत नाही. लहानपणी रेनल्ड्स यांच्यासमोर जे ओठ घडले, ते कसे घडले याची आठवण साठी उलटल्यावर कोणाला असणार? शिवाय आठवण असून उपयोग नव्हता, कारण जुनी ठेवण या नव्या तोंडाला बसणारच नव्हती. जे नष्ट झाले ते परत आणणे शक्य नव्हते. नवे काहीतरी शोधणेच भाग होते.

आणि त्यांनी ते शोधले. पत्ती धरण्याची, तिला आधार देण्याची एक निराळीच रीत त्यांनी आपल्या दुखावलेल्या तोंडासाठी वर्षानुवर्षांच्या सरावातून बसविली. ज्याने दोन पिढ्यांना ओबो शिकविला, तो वादक पुन्हा पहिल्या धड्यापासून एकेक स्वर लांबवीत बसला. त्याला गुरू कोणी नव्हता, कारण त्याच्या तोंडासारखे तोंड दुसऱ्या कोणाचे नव्हते. गुरू होता तो कान. स्वर कसा यायला हवा, हे त्या कानाला पक्के ठाऊक होते. तो येईपर्यंत ओठांनी वाट शोधायची. द बुशेर यांच्या वादनातून कोवळ्या वयात जो नाद मनात ठसला आणि पुढे स्वतःच्या वादनातून जो पिकत गेला, त्याला अपघाताचा धक्का लागला नव्हता. शरीर मोडले तरी तो आदर्श शिल्लक होता, आणि त्याच्यामागून नवे तंत्र चालत आले. काही वर्षांनी गूसेन्स पुन्हा श्रोत्यांसमोर येऊन उभे राहिले.

१९६७ साली त्यांची ही झुंज सांगणारे बॅरी विन यांचे चरित्रात्मक पुस्तक प्रसिद्ध झाले. पण त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. एल्गार यांच्या त्या अपुऱ्या स्वगताला गॉर्डन जेकब या रचनाकाराने वाद्यवृंदाची साथ लिहून दिली होती. लिहिले गेल्यानंतर तीन तपांहून अधिक काळाने, ते ज्याच्यासाठी लिहिले गेले होते त्याच वादकाने १९६७ मध्ये नभोवाणीवर प्रथम वाजविले. पुढे ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना त्याचे ध्वनिमुद्रणही त्यांनी केले. १९३० मध्ये एल्गार यांनी ज्या ओठांसाठी ते लिहिले, ते ओठ आता उरले नव्हते. तरी स्वर गूसेन्स यांचा आहे, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नव्हते.

१९७७ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांनी एडविन रॉक्सबर या तरुण वादक-रचनाकाराच्या सहकार्याने ओबोवर एक ग्रंथ लिहिला. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांच्या नावाने निघणाऱ्या ग्रंथमालेत तो प्रसिद्ध झाला. ऐंशीनंतरही त्यांचे वादन चालूच होते. १३ फेब्रुवारी १९८८ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. मारी १९९१ पर्यंत होत्या. सिडोनी यांनी तर शंभरी ओलांडली आणि २००४ मध्ये त्यांच्याबरोबर ही पाच भावंडांची पिढी संपली.

आपल्याकडे साधना हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. रोज चार तास घासणे म्हणजे साधना, अशी एक समजूत आहे. गूसेन्स यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे त्या शब्दाचा थोडा निराळा अर्थ ध्यानात येतो. तंत्र ही शरीराची सवय आहे, आणि शरीर कधी ना कधी दगा देणारच, अपघाताने नाही तर वयाने. त्या दिवशी माणसापाशी काय उरते, हे त्याने तंत्र शिकताना मनात काय साठविले यावर अवलंबून असते. केवळ ओठ घडविले असतील तर ओठांबरोबर सारे जाते. कान घडविला असेल तर तो ओठांना पुन्हा शिकवू शकतो. आपल्यापैकी कोणी ओबो वाजविणार नाही. पण गणित, भाषा, शल्यक्रिया, चित्रकला, शेती, जे काही आपण हाती धरू, त्यात परीक्षेपुरते ओठ घडवावेत की जन्मभराचा कान घडवावा, हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही.

लग्नसराईत पहाटे कोठून तरी सनईचे सूर कानावर येतात. पुढच्या वेळी ते ऐकताना त्या वादकाच्या ओठांकडे जरा निरखून पाहावे. बोटे काय करतात ते सर्वांनाच दिसते.